मोर आणि कोंबडीचा संकर?

प्रश्न : डॉक्टर, दोन महिन्यांपूर्वी टर्कीची जोडी आणली. नर पिसारा काय फुलवतो, डोक्यावरून लाल सोंड काय लोंबते! शेजारचे काका म्हणतात, हा मोर आणि कोंबडीचा संकर. खरं का? आणि कोंबड्यांच्याच खुराड्यात ठेवली तर चालेल ना?
– एक वाचक, कुडाळ

उत्तर : काकांना सांगा, संकर नाही. मोर, कोंबडी आणि टर्की एकाच कुळातले, म्हणजे चुलत भावंडं म्हणा. पण टर्कीचं मूळ गाव तिकडे मेक्सिकोत. मात्र काकांसारखाच घोळ एका बादशहाचाही झाला होता. १६१२ साली मुकर्रबखान या सरदाराने पोर्तुगिजांच्या गोव्यातून जहांगिरासाठी टर्की नेली. बादशहाने आठवणींत लिहून ठेवलंय : अंगाने लांडोरीपेक्षा मोठी, मोरापेक्षा लहान, चोच आणि पाय कोंबड्याचे, रंग बदलते सरड्यासारखी, डोक्यावरचं मांस लोंबलं की हत्तीची सोंड, वर ओढून घेतलं की गेंड्याचं शिंग. एवढी जनावरं उसनी आणली तेव्हा कुठे एक पक्षी सांगून झाला! त्याच्या दरबारातल्या मन्सूर या चित्रकाराने काढलेलं तिचं चित्र आज लंडनच्या संग्रहालयात आहे.

ती सोंड म्हणजे नुसतं मऊ मांस. नर रंगात आला की त्यात रक्त भरतं, ती लांबते, लाल होते. घाबरला की आखडते. आमच्याकडे एक नर होता. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली की अंगणातून हा ‘गुबुळगुबुळ’ करून उत्तर द्यायचा. तीन शिट्ट्या, तीन उत्तरं. बायको म्हणायची, आता मोजायला नको.

आता खुराड्याचं. एकत्र मुळीच ठेवू नका. कोंबडीच्या पोटातल्या जंतांच्या अंड्यांत एक सूक्ष्म जीव असतो. कोंबडीला सहसा त्याचं काही वाटत नाही, टर्कीचं मात्र यकृत सडवतो. विष्ठेतून तो मातीत जातो आणि तिथे वर्षानुवर्षं टिकतो. हे मला पुस्तकातून ठाऊक होतं, तरी ‘चार दिवस राहू देत’ म्हणत आठ टर्की कोंबड्यांत सोडल्या. गंधकासारखी पिवळी विष्ठा दिसली तेव्हा उशीर झाला होता. पाच गेल्या. तेव्हा जागा निवडताना जिथे कोंबड्या कधी चरल्याच नाहीत, ती निवडा. परसातला नुसता दुसरा कोपरा नको.

मादी अंड्यावर आली आणि बसायला तयार नसली, तर खुडूक कोंबडी बसवाल. बसवा, पण आधी तिला जंताचं औषध द्या आणि खाली तिची स्वतःची अंडी ठेवू नका. कोंबडीची पिल्लं २१ दिवसांत निघतात, टर्कीची २८. पहिली पिल्लं फुटली की बाई त्यांना घेऊन उठते आणि टर्कीची अंडी थंड पडतात.