मनातलं विचारा: ‘तूच जा’ म्हणाला, तर जाऊ का?

प्रश्न : लग्नाला 9 वर्षं झाली. भांडण झालं की नवरा दिवसचे दिवस बोलत नाही. मी विचारत राहते, तो उठून बाहेर जातो. हल्ली माझी झोप उडाली आहे, कामात चुका होतात. दोघं मिळून क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे जाऊ म्हटलं, तर म्हणाला, “वेड तुला लागलंय, तूच जा.” मी एकटी गेले तर चूक माझीच होती असं होणार नाही का? आणि गोळ्या मागे लागल्या तर? – एक वाचक

उत्तर : जाच. तो टोमणा मारायला म्हणाला असेल, पण सल्ला बरोबर आहे.

आमच्याकडे, म्हणजे बोलून उपचार करणाऱ्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे, एकटं येणारे पुष्कळ असतात आणि बहुतेकांच्या मनात हीच धास्ती असते. चूक कुणाची याचा निवाडा मी करत नाही. तो करायचा तर मला त्याचीही बाजू ऐकावी लागेल, आणि ऐकूनही तुमची झोप परत यायची नाही.

मी विचारेन ते शेवटच्या भांडणाबद्दल. “तो कधीच बोलत नाही” म्हणालात तर मी म्हणेन, कधीच राहू द्या, परवाचं सांगा. कोण कुठे उभं होतं? पहिलं वाक्य कुणाचं? तो उठला त्याच्या आधी तुम्ही नेमकं काय म्हणालात? असं खोदत गेलं की बहुतेकदा एक चक्र दिसतं. एक जण मागे लागतो म्हणून दुसरा माघार घेतो, आणि तो माघार घेतो म्हणून पहिला आणखी मागे लागतो. दोघांनाही वाटतं, सुरुवात समोरच्यानं केली. यातला तुमच्या हातातला भाग बदलायला तो हजर असावा लागत नाही. तेवढ्यानं तो बदलेलच, अशी हमी मात्र मी देणार नाही.

झोपेचं वेगळं बघावं लागेल. कदाचित 9 प्रश्नांचा एक कागद भरायला देतील. गेल्या 2 आठवड्यांत काय काय जाणवलं, ते त्यात विचारतात. शेवटचा प्रश्न मरणाच्या विचारांबद्दल असतो. तिथे संकोच करू नका, खरं तेच लिहा. थायरॉइड तपासून घ्या असंही सांगतील, कारण त्याच्या बिघाडानंही माणूस असाच मरगळतो.

गोळ्या लिहून देणं हे मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टरचं काम. बहुतेक ठिकाणी क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला तो अधिकारच नसतो. गरज वाटली तर ते तिकडे पाठवतील, आणि घ्यायच्या की नाही ते तुम्ही डॉक्टरांशी बोलून ठरवायचं.

तुम्ही बोललेलं नवऱ्याच्या कानावर जात नाही. कुणाच्या जिवाला धोका असेल किंवा लहान मुलाचा छळ होत असेल, तर मात्र गुप्तता बाजूला ठेवावी लागते. हे पहिल्याच भेटीत सांगायला हवं. नाही सांगितलं तर विचारा. पदवी आणि नोंदणीही विचारा, कुणाला राग येत असेल तर येऊ दे.

पत्रात नाही, पण विचारते: तो हात उगारतो का? तुम्हाला त्याची भीती वाटते का? असेल तर एकटीच असताना हे आधी सांगा. अशा घरात जोडप्याला समोरासमोर बसवणं आम्ही टाळतो, कारण खोलीत बोललेल्याची किंमत घरी मोजावी लागते.

वेळ घ्यायला फोन केलात आणि कारण विचारलं, तर “झोप लागत नाही, घरात ताण आहे” एवढं पुरे. बाकीचं आत आल्यावर.