बाल्कनीचे पैसे घेतले, समोर लाइफबोट निघाली

प्रश्न: मी पुण्यात नोकरी करते, आईबाबा नाशिकला असतात. त्यांच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून डिसेंबरात मुंबई-गोवा-लक्षद्वीप अशा चार रात्रींच्या क्रूझचं बुकिंग मी नाशिकच्या एका ट्रॅव्हल एजंटमार्फत केलं. आईचे गुडघे दुखतात, सारखं डेकवर जाणं तिला झेपत नाही, म्हणून मुद्दाम बाल्कनीची केबिन घेतली. एजंटने व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला होता: दोन खुर्च्या, काचेचा कठडा आणि पुढे नुसतं पाणी. ९६,४०० रुपये मी भरले. प्रत्यक्षात कठड्यासमोर दोन-तीन हातांवर नारिंगी लाइफबोट टांगलेली. खुर्चीत बसलं की बोटीचं पोट दिसायचं, उभं राहिलं तर वरून पाण्याची एक पट्टी. लग्नाच्या वाढदिवसाच्या सकाळी काढलेल्या फोटोत आईच्या मागे तीच बोट आहे. व्हाउचरवर केबिन नंबरच्या जागी फक्त ‘गॅरंटी’ असं लिहिलं होतं. कंपनी म्हणते, बाल्कनीचे पैसे घेतले, बाल्कनी दिली. बाबांनी शेवटच्या दिवशी फीडबॅक फॉर्मवर ‘उत्तम’ लिहिलं, तेही दाखवतात. पुढच्या सफरीसाठी ५,००० रुपयांचं कूपन देऊ केलंय. बाबा म्हणतात, सोडून दे. पैसे परत मिळतील का?

उत्तर: ताई, आधी स्पष्ट सांगतो. पूर्ण ९६,४०० रुपये परत मिळतील अशी आशा धरू नका. आईबाबा जहाजावर चार रात्री राहिले, जेवले, फिरले. ती सेवा मिळाली नाही असं आपल्याला म्हणता येणार नाही, आणि तसं म्हटलं तर ग्राहक आयोगासमोर आपलीच बाजू हलकी होईल. मात्र बाल्कनीसाठी जे जास्तीचे पैसे मोजलेत, ते आणि त्यापायी झालेल्या मनस्तापाची भरपाई मागण्याचा हक्क तुम्हाला आहे. माझ्या मते ही तक्रार करण्याजोगी आहे.

सगळं प्रकरण ‘गॅरंटी’ या एका शब्दावर येऊन थांबतं, म्हणून तो नीट समजून घ्या. क्रूझच्या धंद्यात गॅरंटी केबिन म्हणजे खोलीचा प्रकार पक्का, नंबर मात्र कंपनी नंतर ठरवणार. प्रवासी नंबर निवडण्याचा हक्क सोडतो, म्हणून असं भाडं बऱ्याचदा थोडं कमी असतं. कंपनी याच शब्दाचा आधार घेईल: आम्ही कुठलीही बाल्कनी देऊ शकत होतो. यावर आपलं उत्तर असं, की नंबर सोडला म्हणजे प्रकार सोडला असं होत नाही. समोर अडथळा असलेल्या केबिन अनेक क्रूझ कंपन्या वेगळा प्रकार म्हणून, कमी भाड्यात विकतात. तुमच्या कंपनीनेही तसं केलं असेल, तर त्या दोन बाल्कन्या एकच नाहीत हे तिने स्वतःच्या दरपत्रकात मान्य केलेलं आहे. म्हणून आजच कंपनीच्या वेबसाइटवरचा डेक प्लॅन, म्हणजे जहाजाच्या मजल्यांचा नकाशा, आणि दरांचं पान यांचे तारखेसह स्क्रीनशॉट घेऊन ठेवा. अशी पानं बदलायला वेळ लागत नाही.

पण व्हाउचरच्या बारीक अक्षरांत ‘दृश्याला अडथळा असू शकतो’ अशा अर्थाची ओळ असेल, तर बाजू बरीच कमकुवत होते. ते व्हाउचर पुन्हा एकदा शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. अशी ओळ सापडली तरी ती पैसे भरण्याआधी तुमच्यापर्यंत पोचली होती का, हा प्रश्न उरतोच.

लाइफबोट जहाजावर हवीच, त्याबद्दल आपली तक्रार नाही. कंपनीला आणि एजंटला पाठवायच्या नोटिशीत हे पहिल्याच परिच्छेदात लिहा, नाहीतर सामनेवाले सुरक्षेच्या नियमांवर पानंच्या पानं लिहून मूळ मुद्दा बुडवतील. या बोटी जहाजाच्या ठरावीक मजल्यावर, ठरावीक जागीच टांगलेल्या असतात. कोणत्या खोल्यांसमोर बोट येते हे कंपनीला जहाज सेवेत आल्यापासून ठाऊक असतं. तुम्हाला ते कळायला मार्ग नव्हता. ज्याला माहीत आहे त्याने सांगायचं नाही आणि मोकळ्या समुद्राचा फोटो दाखवून पैसे घ्यायचे, याला ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये नावं आहेत. कलम २(११) खाली ती सेवेतील त्रुटी. सेवा विशिष्ट दर्जाची असल्याचं खोटं भासवणं ही कलम २(४७) खाली अनुचित व्यापारी प्रथा.

एजंट म्हणेल, फोटो कंपनीचा. कंपनी म्हणेल, फोटो आम्ही पाठवलाच नाही. दोघांनाही पक्षकार करा. भारतीय करार कायद्याचं कलम २३८ सांगतं, की एजंटने मालकाच्या धंद्याच्या ओघात केलेलं चुकीचं कथन हे मालकानेच केल्यासारखं धरलं जातं. एजंटने स्वतः दिलेल्या माहितीची त्याची जबाबदारी वेगळी आहेच.

आता बाबांचा ‘उत्तम’ हा शेरा. तुम्हीच कळवलंय की केबिन सांभाळणारा मुलगा रोज आईसाठी गरम पाणी आणून द्यायचा आणि बाबांनी त्याच्यासाठी ते लिहिलं. हेच, याच शब्दांत, बाबांच्या प्रतिज्ञापत्रात येऊ द्या. एका कर्मचाऱ्याच्या माणुसकीला दिलेली दाद म्हणजे हक्क सोडल्याची कबुली नव्हे. कूपनचं वेगळं आहे. ते वापरू नका आणि ‘यापुढे काही तक्रार नाही’ अशा मजकुरावर कोणीही सही करू नका. अशा एका सहीने चांगली चांगली प्रकरणं संपलेली मी पाहिली आहेत.

तक्रार तुमच्या आणि आईबाबांच्या नावाने करा. पैसे तुम्ही दिले, सेवा त्यांनी घेतली, आणि तुमच्या संमतीने सेवा घेणारेही कायद्याने ग्राहकच आहेत. कलम ३४ मुळे तक्रारदार जिथे राहतो किंवा पोटापाण्यासाठी काम करतो तिथे दाद मागता येते. त्यामुळे पुणे किंवा नाशिक, कुठलाही जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग चालेल. मोजलेली रक्कम ५ लाखांच्या आत असल्याने शुल्क काहीही नाही. मुदत दोन वर्षांची आहे. वकील लावलाच पाहिजे असं नाही, आणि ऑनलाइन तक्रार ई-जागृती पोर्टलवरून दाखल होते.

एक खाचखळगा मात्र सांभाळा. कंपनीच्या अटी एकतर्फी आहेत हे खरं असलं, तरी ‘अनुचित करार’ रद्द करा अशी मागणी तक्रारीत घालू नका. ते अधिकार जिल्हा आयोगाला नाहीत, त्यासाठी राज्य आयोगाकडे जावं लागतं. एवढ्याशा शब्दामुळे तक्रार परत यायची आणि महिने वाया जायचे. आपला मुद्दा त्रुटी आणि अनुचित व्यापारी प्रथा एवढाच ठेवा. अटींमध्ये लवादाचं कलम, म्हणजे वाद खासगी लवादाकडेच न्यायचा अशी अट, असेल तर घाबरू नका. ते असलं तरी ग्राहक आयोगाचं दार बंद होत नाही, हे २०१८ मध्ये एम्मार एमजीएफ या बिल्डर कंपनीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयात पक्कं झालं आहे.

आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. काही वेळा तिथेच तडजोड होते. नाही झाली तर १५ दिवसांची मुदत देऊन दोघांना स्पीड पोस्टाने आणि ईमेलने नोटीस पाठवा. मागणीत मोकळ्या बाल्कनीच्या आणि अडथळ्याच्या केबिनच्या भाड्यातला फरक, त्यावर व्याज, मनस्तापाची भरपाई आणि खर्च असे चार आकडे वेगवेगळे लिहा. अडथळ्याच्या केबिनचा दर मिळालाच नाही, तर साध्या खिडकीच्या केबिनचं भाडं धरून फरक काढा. मनस्तापाचे पाच लाख लिहू नका. पटेल असा आकडा लिहिणाऱ्या तक्रारदारावर आयोगाचा विश्वास बसतो. तक्रार दाखल झाल्यावर आयोगाची नोटीस मिळाली, की सामनेवाल्यांना कैफियतीसाठी, म्हणजे लेखी उत्तरासाठी, ३० दिवस आणि फार तर आणखी १५ दिवस मिळतात. त्यापुढे मुदत वाढवता येत नाही, असं २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितलं आहे. निकालाला मात्र कायद्यात लिहिलेल्या तीन महिन्यांपेक्षा बराच जास्त काळ लागतो, याची मनाची तयारी ठेवा.

तुमचं बुकिंग इथलं होतं हे बरं झालं. अमेरिकी कंपन्यांच्या तिकिटावर बऱ्याचदा खटला फ्लोरिडातच चालेल अशी अट असते. १९९१ मध्ये कार्निव्हल या क्रूझ कंपनीच्या ‘कार्निव्हल विरुद्ध शूट’ या खटल्यात वॉशिंग्टन राज्यात राहणाऱ्या जोडप्यावर तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती अट बंधनकारक ठरवली होती. परदेशी जहाज घेताना निदान भारतातल्या एजंटकडून, इथली पावती घेऊनच घ्या.

पुन्हा जाल तेव्हा नंबर मिळाल्याशिवाय पैसे भरू नका. नंबर डेक प्लॅनवर शोधा, समोर बोट आहे का आणि वरच्या मजल्यावर नाचगाण्याचा हॉल आहे का ते पाहा, आणि ‘समोर अडथळा नाही’ हे एजंटकडून लेखी घ्या. मुंबईहून गोव्याकडे जाताना सूर्यास्त जहाजाच्या उजव्या बाजूला असतो, परतताना डाव्या. आईला कुठला हवाय ते विचारून बाजू मागा.

बाबांना सांगा, की त्यांना खेटे घालावे लागणार नाहीत. प्रतिज्ञापत्रावर सही लागेल, आणि सुनावणी व्हिडिओ कॉन्फरन्सवर घ्यावी असा अर्ज करता येतो. व्हॉट्सॲपचं संभाषण डिलीट करू नका, फोन बदलणार असाल तर जुना जपून ठेवा. आणि वाढदिवसाच्या सकाळचा आईचा तो फोटो फॉरवर्ड केलेला नको. ज्या फोनवर काढला त्यातली मूळ फाइल घ्या, तिच्यात तारीख आणि वेळ असते. एजंटने पाठवलेला फोटो आणि हा, दोन्ही एकाच पानावर शेजारी शेजारी छापा आणि तक्रारीला पहिलं परिशिष्ट म्हणून जोडा.