पायाच्या जुन्या जखमेवर बधिर करणारे मलम कधी लावावे?

ताई, सासूबाईंच्या घोट्याजवळची जखम वर्षभर भरत नाही, ड्रेसिंगच्या वेळी त्या कळवळतात आणि मेडिकलवाल्याने दिलेले बधिर करणारे मलम दिवसातून तीनदा लावावे का, असे तुम्ही विचारले आहे. तसे लावू नका. ते मलम जखम साफ करताना होणाऱ्या वेदनेसाठी आहे, दिवसभराच्या ठणक्यासाठी नाही.

लिग्नोकेन व प्रिलोकेन प्रत्येकी २.५ टक्के असलेल्या मलमाने जखमेतला मेलेला पिवळा थर काढतानाची वेदना खरोखर कमी होते. मात्र त्यासाठी ड्रेसिंग करणाऱ्या सिस्टरने जखमेवर त्याचा जाड थर देऊन वरून प्लास्टिकची फिल्म लावावी, किमान अर्धा तास थांबावे आणि मलम पुसल्यावर लगेच सफाईला लागावे. एका वेळी १० ग्रॅमपेक्षा जास्त वापरू नये. सुरुवातीला थोडी आग होते, हे म्हाताऱ्या माणसाला आधीच सांगितलेले बरे. कुष्ठरोगाच्या उपचारातील डॅप्सोन चालू असेल, तर डॉक्टरांना ते अवश्य सांगा, कारण प्रिलोकेनसोबत रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटू शकते.

आपल्याकडे खेड्यांत निम्मे हाल सुक्या गॉजमुळे होतात, असे माझे मत आहे. रात्रभरात गॉज जखमेला चिकटतो आणि सकाळी तो ओढला की नव्याने आलेली लाल नाजूक कातडीही त्याच्यासोबत निघते. सलाईनने तो भिजवून दहा-पंधरा मिनिटे थांबा, कडेकडेने अलगद सोडवा आणि पुढच्या वेळी व्हॅसलिनचा जाळीदार गॉज मागा. बिब्बा, चुना किंवा दुखण्याचा बाम उघड्या जखमेवर मुळीच लावू नका. बिब्ब्याने चांगली कातडीसुद्धा भाजते.

दिवसभराच्या दुखण्याचे मूळ मात्र शोधावेच लागेल. पाय उंच ठेवल्यावर आराम पडत असेल, तर बहुधा शिरांचा दोष असतो आणि तिथे दाबपट्टीने वेदनाही उतरते व जखमही भरू लागते. उलट रात्री पाय खाटेखाली लोंबकळत सोडल्यावरच बरे वाटत असेल, तर रक्तपुरवठा कमी असण्याची शक्यता असते आणि तिथे घट्ट पट्टी घातक ठरते. विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारामुळेही घोट्याजवळ अशा जखमा होतात, म्हणून ती तपासणी करून घ्या, आणि पावलाची नाडी पाहिल्याशिवाय कोणालाही दाबपट्टी बांधू देऊ नका.