‘खूप मजा आली’च्या पुढे मुलांना कसं न्यायचं?

नऊ ते बारा वर्षांच्या मुलांना गोष्टी लिहायला शिकवताय, विशेषणांची यादी भिंतीवर लावून झाली, तरी गोष्टी सपकच, आणि ‘विनोदी लिहा’ म्हटलं की सगळी पात्रं घसरून पडतात, असं तुम्ही प्रश्नात लिहिलंय. मी बरीच वर्षं असाच वर्ग घेते, म्हणून सांगते: ती यादी आधी काढा. यादी दिली की मुलं ‘सुंदर’ खोडून ‘मनमोहक’ लिहितात आणि मांजर होतं तसंच राहतं.

मांजराचं नाव उगाच नाही घेतलं. एका मुलानं लिहून आणलं होतं, “मांजर फ्रिजवरून पडलं. आम्हाला खूप हसू आलं.” मी विचारलं, पडल्यावर त्यानं काय केलं?

“काही नाही.”

“काही नाही म्हणजे? पळालं? ओरडलं?”

“नाही. बसलं आणि पाय चाटायला लागलं.”

“कसं?”

तो जरा अडखळला. “म्हणजे... त्याला तिथंच उतरायचं होतं, असं.”

वर्ग फिस्सकन हसला. सगळी गंमत त्या ‘काही नाही’च्या मागे दडून बसली होती. तेव्हापासून मी मुलांना ‘कसं दिसत होतं’ असं सहसा विचारत नाही, ‘मग काय केलं’ असं विचारते. वर्णन विशेषणात कमी आणि क्रियापदात जास्त असतं, हे माझं ठाम मत.

हे काही नवीन नाही. भरताच्या नाट्यशास्त्रात हसण्याचे सहा प्रकार दिलेत, आणि ते ‘कमी’, ‘जास्त’ असे मोजलेले नाहीत, अंगावर दाखवलेत. स्मितात दात दिसत नाहीत, उपहसितात नाकपुड्या फुलतात, अतिहसितात डोळ्यांत पाणी येतं आणि माणूस हातांनी कुशी धरतो. मुलांना हे सांगून ‘हसला’ हा शब्द दिवसभरासाठी बंद करा. मग बघा कोणाचे खांदे हलतात आणि कोणाच्या नाकातून पाणी येतं ते.

आवाजाच्या बाबतीत मराठी लिहिणाऱ्याची चैन आहे. नुसतं पडायचं म्हटलं तरी धपकन, धाडकन, टपकन, खळकन, बदकन! मी मुलांना डोळे मिटायला सांगते आणि एकेक वस्तू खाली टाकते: जाड पुस्तक, चमचा, चेंडू, शेवटी ओला टॉवेल. जे ऐकू आलं ते लिहायचं, शब्द सापडला नाही तर बनवायचा. ओल्या टॉवेलला एकीनं ‘फच्चाक’ लिहिलं. शब्दकोशात नसेल, पण टॉवेल तसाच पडला होता. फक्त एका परिच्छेदात असा एकच शब्द वापरू द्या, नाहीतर गोष्टीचा ढोलताशा होतो.

उपमेय, उपमान, साधारण धर्म हे मुलं व्याकरणाच्या पेपरासाठी पाठ करतात आणि लिहिताना चेहरा मात्र चंद्रासारखाच. माझा नियम असा की सुचलेल्या पहिल्या दोन उपमा फेकायच्या, कारण त्या सगळ्यांनाच सुचतात. आणि हसवायचं असेल तर उपमान भलतीकडून आणायचं, पण दोघांत एक गोष्ट मात्र अचूक जुळली पाहिजे. ‘आत्याची हाक जिन्यावरून रिकामा डबा घरंगळत यावा तशी आली’ यात आत्या कशी दिसते याचा पत्ता नाही, तरी ती कळते.

अतिशयोक्ती मुलांना आपोआप येते, आवरायला शिकवावी लागते. रांग ‘कोटी मैल लांब’ होती, राक्षस ‘आकाशाएवढा’ होता, यावर कोणी हसत नाही. थाप एकच मारायची, बाकी सगळं खरं ठेवायचं, आणि सांगताना चेहरा सरळ. एका मुलीनं लिहिलं: “रांगेत उभी राहिले तेव्हा बूट सैल होते. नंबर आला तोवर घट्ट झाले.” रांगेची लांबी तिनं सांगितलीच नाही!

चेतनगुणोक्तीचा मी फार नाद करत नाही. पेन्सिल एकदा बोलायला लागली की कंपासपेटीतलं सगळं सामान बोलतं आणि गोष्ट राहते बाजूला.

एक पथ्य मात्र पाळा. वर्गातल्या कुणाचं जाडेपण, रंग, तोतरेपणा यावर विनोद नको. आधी स्वतःची फजिती लिहायला लावा. ज्याला ती जमते, त्याला दुसऱ्याची लागत नाही.

आणि तपासताना लाल पेन घेऊ नका, मोठ्यानं वाचायला लावा. मुलं हसतील तिथं लिहिणाऱ्यानं पेन्सिलीनं खूण करायची. बहुतेकदा हसू वाक्य संपायच्या आधीच येतं, पुढचं सगळं खोडता येतं. मांजरवाल्या मुलानं ‘आम्हाला खूप हसू आलं’ हे वाक्य काही केल्या खोडू दिलं नाही, म्हणाला, खरंच आलं होतं. मी ठेवू दिलं. दोन आठवड्यांनी वही उघडली, तर त्यानंच खोडरबरानं कागद फाटेपर्यंत खोडलं होतं.