शब्द दिलाय, पण छाती साथ देईल का?

प्रश्न : ताई, आम्ही चौघे कॉलेजपासूनचे मित्र. गेल्या महिन्यात एक गेला. जाण्याआधी त्याने वचन घेतलं, ‘माझी रक्षा तुम्ही तिघांनी मिळून त्या खिंडीत सोडायची.’ खिंड ३,५०० मीटरवर आहे. विशीत आम्ही तिथे बर्फात दोन रात्री एकाच तंबूत अडकलो होतो. आज आम्ही सत्तरी ओलांडलेले. एकाची बायपास झाली आहे आणि तोच जायचा हट्ट धरून बसलाय. गेलो नाही तर शब्द मोडला असं होईल का?

उत्तर : शब्दाचं नंतर बघू. आधी सांगा, अख्ख्या पत्रात वहिनी कुठेच कशा नाहीत? रक्षेवर पहिला हक्क त्यांचा. हे बोलणं त्यांच्या कानावर तरी होतं का? त्यांच्याकडे जा, पण ‘त्याची शेवटची इच्छा’ पुढे करून मागू नका, विचारा. ‘माझ्याजवळ राहू दे’ म्हणाल्या तर ठेवू द्या. रक्षा साधारण दोन-तीन किलो भरते. तुम्हाला एक मूठ पुरे.

आता बायपासवाले. अडीच हजार मीटरच्या वर उंचीचा त्रास धडधाकट माणसालाही होऊ शकतो. साडेतीन हजारांवर तर दर श्वासाला समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन तृतीयांश ऑक्सिजन मिळतो. आपण मैत्रीखातर चढतोय, हे हृदयाला कुठे कळतं! डॉक्टरांनी स्वच्छ ‘हो’ म्हटल्याशिवाय नेऊ नका. ‘तुझं वय झालं’ म्हणालात तर ते हटून बसतील. ‘मला तुझीही रक्षा उचलायची नाही’ म्हणा.

मित्राचं वाक्य पुन्हा वाचा. त्यात ‘खिंडीत’ आहे तसं ‘तिघांनी मिळून’ही आहे. दोन्ही जमत नसेल तर मी दुसरं धरीन. गाडी जाईल आणि डॉक्टर जाऊ देतील तिथपर्यंत तिघे जा, खिंड दिसेल अशी जागा शोधा. पुढे कुणाला झेपत असेल तर त्याने चिमूटभर वर न्यावी. मागे राहिलेल्यांना टोमणे न मारता. वनखात्याची परवानगी लागते का, तेवढं निघण्याआधी विचारा.

आणि वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा, हात जमिनीलगत ठेवा. रक्षेत हाडांची जाडसर पूड असते तशी भुरभुर उडणारी धूळही असते. आत्याच्या वेळी मी वाऱ्याकडे तोंड करून उभी होते. निम्मी आत्या माझ्या स्वेटरवरच घरी परत आली.