थकलेला पगार आणि देवाचा न्याय

प्रभूमध्ये प्रिय,

सलाम. मालकाने चार महिन्यांचा पगार थकवला, वर चोरीचा आळ घेऊन काढून टाकलं, आणि मंडळीत जो तो म्हणतो ‘देवावर सोपव’. म्हणजे आता गप्प बसायचं का, असं तू विचारलंस. नाही, गप्प बसायचं नाही. सोपवणं आणि सोडून देणं यांत फरक आहे. तो कळला नाही तर माणूस एक तर आतल्या आत कुढतो, नाही तर देवालाच सोडतो.

बायबलमधल्या याकोबाच्या पत्राचा 5वा अध्याय उघड, 4थं वचन. शेत कापणाऱ्या मजुरांची अडवून ठेवलेली मजुरी ओरडते आहे आणि कापणी करणाऱ्यांचा आक्रोश सेनाधीश प्रभूच्या कानी गेला आहे, असं तिथे लिहिलंय. मजूर तोंड उघडायच्या आधी त्याची मजुरीच ओरडते. त्याच्याही मागे जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाचं 24:15 आहे: मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळायच्या आत द्यायची, कारण तो गरीब आहे आणि त्याचा जीव तिच्यावर अडकलेला असतो. म्हणून ‘पैशांसारख्या ऐहिक गोष्टीसाठी काय भांडायचं’ असं कोणी म्हणालं तर मनाला लावून घेऊ नकोस. तुझी तक्रार देवाच्या नियमशास्त्रात तुझ्या जन्माआधीच लिहिलेली आहे.

मग देवावर सोपवायचं काय? रोमकरांस पत्र 12:19 प्रमाणे सूड. त्या माणसाचं वाटोळं कधी नि कसं व्हावं, हा निकाल तुझ्या हातातला नाही. साक्ष देणं मात्र तुझ्याच हातात आहे. पुढच्याच अध्यायात, 13:4 मध्ये, गुन्हेगाराला शासन करणाऱ्या अधिकाऱ्याला हे पत्र लिहिणारा प्रेषित पौल देवाचा सेवक म्हणतो. म्हणजे रीतसर तक्रार करणं हा अविश्वास नव्हे.

फिलिप्पै शहरातली गोष्ट आपल्याकडे अर्धीच सांगतात. पौल आणि त्याचा सोबती सीला यांना फटके मारले, पाय खोड्यात अडकवले, आणि मध्यरात्री ते गीतं गात होते. इथे उपदेश संपतो. पण प्रेषितांची कृत्ये 16:37 वाच. सकाळी अधिकाऱ्यांनी चोपदारांकरवी ‘सोडून द्या’ असा गुपचूप निरोप पाठवला, तेव्हा पौल हलला नाही. आम्ही रोमी नागरिक, चौकशी न करता आम्हांला चारचौघांत मारलं, आता चोरून बाहेर काढता? त्यांनी स्वतः यावं. आणि ते आले, विनवणी करू लागले. पौलाने शिक्षा मागितली नाही, पण जे घडलं ते त्यांना तोंडावर ऐकवलं. रात्रीचं गाणं आणि सकाळची ही मागणी एकाच माणसाची आहे.

आता प्रार्थनेचं. रोज पंधरा मिनिटं स्तोत्र 13 घे, सहाच वचनं आहेत. पहिल्या दोन वचनांत ‘किती काळ?’ हा प्रश्न चार वेळा येतो. तिथे थांब आणि आपलं दुखणं मोठ्याने, नावनिशीवार सांग: घरभाडं, बहिणीची फी, शेजाऱ्यांची नजर. वचन 3 आणि 4 मध्ये मागणी आहे, तिथे नेमकं काय हवं ते माग. भरवसा 5व्या वचनात येतो. चूक होते ती इथे: लोक थेट पाचव्यावर उडी मारतात, आणि न बोललेला राग रात्री छातीवर बसतो. एखाद्या दिवशी पाचवं वचन तोंडातून निघालं नाही तर चौथ्यावरच थांब. स्तोत्र 88 तर अंधारातच संपतं, तरी ते शास्त्रात आहे.

आणि हे आपल्या पापाचं फळ असेल, असं मनात घेऊ नकोस. निर्दोष असून संकटात सापडलेल्या ईयोबाला त्याचे मित्र नेमकं हेच म्हणत राहिले आणि 42:7 मध्ये देवाचा राग त्यांच्यावर भडकला.

याच आठवड्यात एक दोनशे पानी वही घे. डाव्या पानावर तारीख, काय घडलं, कोण हजर होतं; विशेषणं नकोत. ‘त्याने मला छळलं’ असं लिहू नकोस, ‘अमुक तारखेला पगार मागितला, पुढच्या सोमवारी ये म्हणाला’ असं लिही. उजव्या पानावर पुरावा: बँकेचं पासबुक, हजेरीचा फोटो, व्हॉट्सॲपचे मेसेज. फोन बिघडायच्या आत त्यांचे प्रिंट काढ. मग मालकाला लेखी मागणी दे आणि दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्क्याची पोच घे. पोच देत नसेल तर स्पीड पोस्टाने पाठव. त्यानंतर कामगार आयुक्तांचं कार्यालय. वकील परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत मदतीचा अर्ज कर. दाव्याला मुदत असते, ती सगळ्यात आधी विचार. ‘देव बघेल’ म्हणत महिने घालवले की हातचा दावा जातो आणि मग दोष देवाला दिला जातो. चोरीच्या आळाबद्दल कोणी कोऱ्या कागदावर किंवा ‘चूक झाली’ अशा मजकुरावर सही मागितली, तर देऊ नकोस.

‘क्षमा कर, तक्रार मागे घे’ असंही कोणी सांगेल. क्षमा कर, जरूर कर, आणि तिला वेळ लागला तर लागू दे. पण क्षमा केली म्हणून हिशेब मिटत नाही. जकातदारांचा प्रमुख जक्कय याने येशूसमोर उभं राहून, कोणाचं लुबाडलेलं असेल तर चौपट परत द्यायचं कबूल केलं (लूक 19:8), तेव्हा ‘राहू दे’ असं येशू म्हणाला नाही.

दावा लांबेल, कदाचित पूर्ण रक्कम मिळणारही नाही. तशा दिवसांत 1 पेत्र 2:23 जवळ ठेव: यथार्थ न्याय करणाऱ्याच्या हाती येशूने स्वतःला सोपवलं, तेही क्रुसावर, निकाल दिसायच्या आधी.

रविवारी उपासनेनंतर वही घेऊन ये. तारखा आपण दोघं मिळून पासबुकाशी ताडून बघू, आणि मागणीपत्राचा मसुदा तिथेच लिहून काढू.

प्रभूमध्ये तुझा