सेव्हिलमध्ये फ्लामेंको शिकताना कथकचे काय?

प्रश्न : मी स्पेनमधील सेव्हिल येथे पदव्युत्तर शिक्षण घेत आहे. भारतात दहा वर्षे कथक शिकले. येथे फ्लामेंको हे नृत्य पाहिल्यापासून ते शिकण्याची ओढ लागली आहे. ते कथकमधूनच निघाले असेही ऐकले आहे. उरलेल्या वर्षभरात ते कितपत येईल, आणि त्यामुळे माझे कथक बिघडेल का?
– एक विद्यार्थिनी

उत्तर : अवश्य शिका; मात्र ‘कथकमधूनच निघाले’ ही समजूत बाजूला ठेवून वर्गात जा. रोमा (जिप्सी) लोकांचे पूर्वज भारतातून गेले हे त्यांच्या भाषेच्या अभ्यासातून सिद्ध झाले आहे आणि स्पेनमधील त्यांच्या आगमनाची पहिली नोंद १४२५ मधील आहे. परंतु लखनौ आणि जयपूरच्या दरबारांत घडलेले, आज आपण शिकतो ते कथक त्यानंतरचे आहे, तर फ्लामेंकोला त्याचे रूप अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत दक्षिण स्पेनमधील अंदालुसियाच्या भूमीवर, गितानो (स्पेनमधील रोमा) समाज आणि तेथील लोकसंगीत यांच्या सहवासात आले. ‘हे तर आपलेच’ असे मानून शिकणाऱ्याला समोरचे वेगळेपण दिसत नाही, असा माझा अनुभव आहे.

खरी परीक्षा तालाची आहे. ‘सोलेआ’ या प्रकारात बारा मात्रांचे आवर्तन असते, म्हणून एकताल येणाऱ्याला ते सोपे वाटते. पण त्यातील आघात तीन, सहा, आठ, दहा आणि बारा या मात्रांवर येतात आणि पदन्यासाचा तुकडा बहुधा दहाव्या मात्रेवर मिटतो. तिहाई (तीनदा म्हटलेला तुकडा) घेऊन समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, येण्याची सवय अंगात मुरलेली असल्यामुळे तुमचे पाय दहावर न थांबता पुढच्या ‘एक’पर्यंत धावतील. हे टाळायचे असेल तर पायांआधी हातांनी शिका. टाळ्यांच्या साथीला तेथे ‘पाल्मास’ म्हणतात आणि ती स्वतंत्र विद्या मानली जाते. आपल्याकडे पढंत (बोल तोंडाने म्हणणे) पक्की झाल्याशिवाय तोडा (बोलांची रचना) नाचू नये असे सांगतात, तेच स्थान तिला द्या. सुरुवात चार मात्रांच्या ‘तांगोस’ या प्रकारापासून करावी.

दुसरा फरक मला त्याहून मोलाचा वाटतो. कथकमध्ये लेहरा, म्हणजे पुन्हा पुन्हा वाजणारी एकच धून, आवर्तन सांभाळतो आणि नर्तक त्यावर निर्धास्तपणे लयकारी (लयीचे खेळ) करतो. फ्लामेंकोत मध्यभागी गायन असते. गायक ओळ कधी लांबवील, कधी श्वास घेईल, हे ऐकत नाचावे लागते आणि ठरावीक पदन्यासाने, म्हणजे ‘यामादा’ने, त्याला बोलवावे लागते. त्यामुळे वर्ग निवडताना तेथे प्रत्यक्ष गायक किंवा गिटारवादक येतो का, हे सर्वांत आधी विचारा. केवळ ध्वनिमुद्रणावर शिकवणाऱ्या वर्गात हा संवाद कळणार नाही.

कथक बिघडण्याची भीती अनाठायी नाही. तत्कारात, म्हणजे कथकच्या पदन्यासात, अनवाणी तळवा सपाट पडतो आणि गुडघे सरळ राहतात, तर फ्लामेंकोत गुडघे किंचित वाकवून, टाचेला आणि चवड्याला खिळे ठोकलेल्या बुटांनी आघात करायचा असतो. एकाच बैठकीत दोन्हींचा रियाज केल्यास दोन्हींचे वजन चुकते, म्हणून दिवस वेगळे ठेवा आणि कथकचा रियाज आठवड्यातून किमान दोनदा, घुंगरू बांधून, ठाय (संथ) लयीत करा. बुटांचा सराव भाड्याच्या घरात करू नये. शेजाऱ्यांना त्रास होतोच, शिवाय फरशीवरचा आघात गुडघ्यांना बाधतो. त्यासाठी लाकडी जमीनच हवी.

अभ्यास सांभाळून वर्षभरात सोलेआ हाती येईल असे मला वाटत नाही. ‘सेव्हियानास’ मात्र नक्की येईल. काटेकोर अर्थाने ते फ्लामेंको नव्हे, लोकनृत्य आहे. चार भागांचे आणि जोडीने करण्याचे. वसंत ऋतूतील फेरिया या जत्रेत सेव्हिलचे आबालवृद्ध ते नाचतात, आणि तुम्हालाही त्यांच्यात उभे राहता येईल.